पुढच्या पानावरचं परंतुक

माझ्या मावशीने देशाचं संविधान टाइप केलं होतं, पण तिच्या घरात त्याची एकही प्रत नव्हती. आळीतलं एखादं शाळकरी पोर प्रत मागायला आलं की ती म्हणायची, "वाचनालयात बघ. मला त्यातलं दर तिसरं पान तेवढं ठाऊक आहे." लोक हसायचे. ती मात्र आपली कामाची पद्धत सांगत असायची.

तेव्हा आईच्या माहेरचे सगळे इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. खाली दिवसभर इस्त्र्या तापत, त्यामुळे वरची फरशी थंडीत ऊबदार असायची आणि उन्हाळ्यात तिच्यावर पाय ठरत नसे. आजोबा लवकर गेले होते. आजी लोकांचे कपडे शिवायची. थोरली मावशी, मधला मामा, आणि शेंडेफळ म्हणजे माझी आई, जी तेव्हा शाळेत होती.

मावशी सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. टंकलेखनाच्या क्लासात मास्तरांनी तिला पहिला धडा दिला होता तो असा: "वाचायचं नाही. बघायचं आणि मारायचं. ज्याला मजकूर कळला, त्याचं बोट चुकलं." मावशीने तो धडा मनापासून घेतला. बढत्या, बदल्या, जमिनीचे निकाल, मेलेल्या माणसांची निवृत्तिवेतनं, सगळं तिच्या बोटांखालून गेलं आणि घराचा जिना चढेपर्यंत त्यातलं काही डोक्यात उरलं नाही. आजी म्हणायची, "हिच्या डोक्याला भोक आहे. आणि सरकारी नोकरीत असावंच."

मामाचं सगळं उलट. तो बस कंडक्टर होता आणि त्याचा आवाज असा, की डेपोत त्याला भोंगा म्हणत. त्याला काही सांगितलं की ते गावाला सांगितल्यासारखंच.

देशाचा कारभार त्या काळी एका म्हाताऱ्या सेनापतीच्या हातात होता. तो सकाळी म्हणेल तो कायदा, आणि जेवून उठल्यावर मत बदललं की तो दुसरा कायदा. त्याच्या बंगल्यासमोर बसचा थांबा होता. मार्ग तिथे संपत नसे, पुढे निम्मं गाव बाकी असे. एके दिवशी गाडी त्या थांब्यावर उभी राहिली आणि मामाने घंटीची दोरी ओढत हाक दिली, "शेवटचा थांबा. उतरा आता, पुष्कळ झालं."

गाडीतले लोक आधी खिडकीबाहेर बघायला लागले. मग मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या दिवसापासून लोक मुद्दाम त्याच्या गाडीची वाट पाहत उभे राहायला लागले. पुढे पुढे ते वाक्य गावभर झालं. पाहुणा जास्त रेंगाळला की घरातलं माणूस दाराकडे बघून म्हणायचं, "शेवटचा थांबा आला हो." मग एका सकाळी मामाला डेपोतूनच उचललं. आरोप नाही, खटला नाही, तारीख नाही.

पुढे सेनापती खरोखरच उतरला. तुरुंगाची दारं उघडली, मामा घरी आला, त्याला नोकरी मिळाली आणि तोच मार्ग मिळाला. बंगल्यात आता हंगामी सरकारचे मंत्री राहायला आले होते. निवडणूक आज होईल, उद्या होईल, असं चाललं होतं. मामा काही दिवस त्या थांब्यावर नुसती घंटी वाजवून पुढे गेला. मग एक दिवस त्याला राहवलं नाही.

नव्याचे नऊ दिवसही धड झाले नव्हते. मामा परत त्याच तुरुंगात, सेनापतीने काढलेल्या त्याच जुन्या हुकमाखाली. तिथल्या जमादाराने त्याला ओळखलं आणि विचारलं म्हणे, "काय रे, काही विसरला होतास का इथे?"

आजी म्हणाली, "दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. डोक्यात बसली की सारखीच लागते."

*

संविधान सभा बसली ती धान्यव्यापाऱ्यांच्या जुन्या सभागृहात, कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा गावात नव्हती. भिंतींच्या सांध्यांत अजून दाणे होते आणि त्या दाण्यांसाठी कबुतरं आत यायची. मूलभूत हक्कांवर भाषणं चालत आणि एक शिपाई बांबू घेऊन कबुतरं हाकलत फिरे. भाषण करणारा थांबला की पंखांचा आवाज ऐकू यायचा.

टायपिस्टची खोली मागे होती, पूर्वी पोती तोलायची तिथे. तीन मशीनं. एकावर मावशी. शेजारच्या मशीनवर एक ठसठशीत बाई, त्यांना सगळे वहिनी म्हणत. तिसरीला ऐकू कमी यायचं, आणि त्या खोलीत ते वरदानच होतं. मशीनची रिबिन बाजूला करून मेणाच्या कागदावर अक्षरं कोरायची, मग त्या स्टेन्सिलवरून सायक्लोस्टाइलच्या प्रती निघायच्या. चुकलेल्या अक्षरावर लाल पातळ द्रव लावायचा, फुंकर घालायची, वाळला की वरून पुन्हा मारायचं. खोलीला त्या द्रवाचा वास कायमचा चिकटला होता.

मसुदा आला की हेडक्लार्क पानं वाटायचे, पत्ते वाटावेत तशी. एक मावशीला, एक वहिनींना, एक तिसरीला, की पुन्हा मावशीला. त्यामुळे मावशीला देशाचं संविधान कळायचं ते दोन पानं सोडून एक. घरी त्याची थट्टाच झाली होती.

"राष्ट्रप्रमुख वेडा झाला तर त्याला काढता येतं का गं?" आजी सुईत दोरा ओवताना विचारायची.

"ते वहिनींच्या पानावर."

"आणि झेंड्याचा रंग?"

"झेंडा माझ्याकडे आहे. पण भाषा कोणती ते ठाऊक नाही."

"म्हणजे ओरडायचं कशाखाली ते ठरलं, कोणत्या भाषेत ते नाही," आजी म्हणायची.

मसुदा समितीतले एक म्हातारे वकील दुरुस्त्या घेऊन त्या खोलीत येत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एकदा मावशी त्यांचं पान करत असताना ते खुर्चीमागे उभे राहिले.

"बाई, तुम्ही काय टाइप करताय, माहीत आहे?"

"पान, साहेब."

वकीलसाहेबांना हे उत्तर आवडलं असावं. ते शेजारच्या पेटीवर बसले. "घर तुमचं भाड्याचं?"

"हो."

"करार आहे?"

"तोंडी आहे. इस्त्रीवाला भला माणूस आहे."

"तो भला आहे तोवर ठीक. त्याचा मुलगा कसा निघेल, सांगता येतं? या देशात आजवर सगळं तोंडी चाललं. ज्याचं तोंड मोठं, त्याचा करार. आता पहिल्यांदा लिहून घेतोय."

"सरकार घरमालक आणि आम्ही भाडेकरू, असंच ना?"

"तिथेच चुकतं सगळ्यांचं. घर तुमचं आहे. सरकार भाडेकरू. लिहून घेतलेलं नसलं की भाडेकरूच मालकाला बाहेर काढतो, ते आपण बघितलंय."

मावशीने मशीनवरचे हात मांडीत घेतले. "आणि लिहून घेऊनही नाही निघाला तर?"

वकीलसाहेब चष्मा पुसत बसले. काडीचा दोरा सुटला, तो त्यांनी पुन्हा बांधला. "तर निदान तो बळकावून बसलाय, एवढं तरी लिहिलेलं असेल," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मावशी वाचायला लागली. आणि अर्थातच चुकायला लागली. लाल द्रवाची बाटली तिच्याकडे सर्वांआधी संपायची. हेडक्लार्क म्हणाले, "तुमचं लक्ष कुठं आहे हल्ली?" लक्ष पहिल्यांदाच जागेवर होतं.

*

ते पान तिच्या वाट्याला आलं तेव्हा सभागृहात जेवणाची सुट्टी होती. पानाच्या तळाशी एकच वाक्य होतं: कोणत्याही व्यक्तीस न्यायालयापुढे उभे केल्याशिवाय अटकेत ठेवता येणार नाही. पूर्णविराम, आणि पान संपलं. मावशीने "न्यायालय" दोनदा चुकवलं आणि "अटकेत" एकदा. तीन ठिकाणी फुंकर घालत ती बसून राहिली.

घरी गेल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. आजीला ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"कोणत्याही व्यक्तीस म्हणजे? बडबड्यालाही?" आजीने विचारलं.

"कुणालाही."

"पुढे काही नाही?"

"पूर्णविराम आहे. माझ्या हाताने मारलाय."

माझी आई सांगते, त्या संध्याकाळी आजीने मामाची गादी गच्चीवर टाकली आणि काठीने इतकी झोडपली की खालून इस्त्रीवाला ओरडला. डेपोत निरोप गेला. मामाचे बूट, जे माझी आई शाळेच्या स्नेहसंमेलनात पुरुषाचं काम करताना घालायची, ते परत पलंगाखाली गेले. कितीतरी दिवसांत आजीने मावशीच्या डोक्याला भोक आहे असं म्हटलं नाही.

महिन्यातून एकदा भेट मिळायची. जाळीच्या अल्याड नातेवाईक, पल्याड कैदी, मधे शिपाई. मावशीने मामाला वाक्य सांगितलं. मामा कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याने जाळीला कपाळ टेकवलं.

"ताई, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. पण तू खोटं बोलत नाहीस. तुला तेवढी कल्पनाशक्तीच नाही."

"संविधान लागू होईल त्या दिवसापासून. तारीख जाहीर झालीय."

"मग त्या दिवशी मी दारात उभा राहीन. तू फक्त यायचं."

पुढच्या भेटीला तो पातळ सदऱ्यात आला. खिडकीजवळची जागा, जी मिळवायला त्याला वर्ष लागलं होतं, ती त्याने एका खोकणाऱ्या म्हाताऱ्या शिक्षकाला देऊन टाकली होती. स्वेटर दुसऱ्या कुणाला. चमचासुद्धा. "जाणाऱ्या माणसाने हातचं राखून ठेवू नये," तो म्हणाला. "आत सगळे मला आता पाहुणा म्हणतात."

*

सगळ्या स्टेन्सिल छापून झाल्यावर प्रती जुळवायचं काम निघालं. सभागृहातल्या लांब टेबलावर पानांच्या थप्प्या ओळीने मांडल्या, आणि टायपिस्ट, शिपाई, हेडक्लार्क, सगळे टेबलाभोवती फिरत एकेक पान उचलून हातातल्या पानावर ठेवत गेले. नुसती कागदांची सळसळ. मावशीने आपलं ते पान उचललं. दुरुस्त केलेल्या तीन जाडसर अक्षरांवरून ते तिने कुठेही ओळखलं असतं. मग वहिनींच्या थप्पीवरचं पुढचं पान उचललं, आणि त्याची पहिली ओळ "परंतु" या शब्दाने सुरू होत होती.

परंतु, राज्याच्या सुरक्षिततेसाठी वा सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटल्यास शासनास कोणत्याही व्यक्तीस चौकशीशिवाय अटकेत ठेवता येईल. आणि या संविधानाच्या प्रारंभापूर्वी दिलेले असे सर्व हुकूम अंमलात राहतील.

मावशी थांबली तशी मागची रांग थांबली.

"वहिनी, हे कधी आलं?"

"काय?"

"हे. वरचं."

वहिनींनी चष्मा खाली करून बघितलं. "पहिल्यापासून आहे की. मीच मारलंय."

"मला बोलला नाहीत."

"अगं, मला काय माहीत तुझं पान कुठल्या वाक्यावर संपलं? मी कुठं वाचते?"

हेडक्लार्क पुढून म्हणाले, "त्याला परंतुक म्हणतात, बाई. कलमाला जोडूनच असतं. चला पुढे."

परंतुक. नातवंडाला हाक मारावी तसा शब्द. इतकी वर्षं सरकारी कचेरीत काढून मावशीच्या बोटांखालून तो शेकडो वेळा गेला असेल. तिने ते पान हातातल्या पानावर ठेवलं आणि ती पुढे चालायला लागली, कारण मागे माणसं होती.

वकीलसाहेब तिला सभागृहाच्या पायरीवर सापडले. ते कबुतरांकडे बघत उभे होते.

"साहेब, ते परंतुक कुणी घातलं?"

कोणतं, असं त्यांनी विचारलं नाही. "सगळ्यांनी," ते म्हणाले. "मी विरुद्ध बोललो. पाऊण तास बोललो. आणि मत त्याच्या बाजूने दिलं."

"का?"

"नाहीतर कलमच पडलं असतं. निम्म्या सभेला ते वाक्य नको होतं. वाक्य वाचवायचं तर मागे हे ओझं जोडावं लागलं. वाक्य राहिलं तर पुढेमागे कुणीतरी येईल आणि परंतुक काढून टाकेल."

"पुढेमागे म्हणजे कधी?"

"आपल्या हयातीत नसेल कदाचित."

"माझा भाऊ आत आहे, साहेब."

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "कोण?"

"शेवटचा थांबा."

वकीलसाहेबांना हसू आलं. त्या वाक्याने सगळ्यांनाच यायचं. मग ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, कुठे ठेवायचं ते न कळल्यासारखं. "मीही म्हणायचो ते," ते म्हणाले. "घरी. आमच्या हिला."

"वाक्य वाचलं तुमचं," मावशी म्हणाली. "भाऊ पुढच्या पानावर होता."

उत्तरासाठी ती थांबली नाही. तिला वकीलसाहेबांचा राग आला नव्हता, असं ती मला पुढे म्हणाली. राग यायला समोरच्याकडे काहीतरी शिल्लक दिसावं लागतं.

घरी तिने आजीला सांगितलं. आजी मशीनवर शिवत होती, ती शिवतच राहिली. कापड संपलं तरी सुई रिकामी चालत होती. मग म्हणाली, "त्याला कोण सांगणार?"

तोच प्रश्न होता. समारंभाच्या बंदोबस्तासाठी त्या महिन्याच्या भेटी रद्द झाल्या होत्या. पत्रात घरचं सोडून दुसरं काही असलं की त्यावर काळी शाई फिरे. मावशीने दोनदा तुरुंगाच्या कचेरीत खेटे घातले. "एवढं काय अडलंय?" तिथला कारकून म्हणाला. "संविधान येतंय, मग काय, मजाच आहे तुमची."

*

संविधान लागू झालं त्या दिवशी सुट्टी होती आणि बसला तिकीट नव्हतं. मावशी सकाळीच तुरुंगापाशी पोचली. फाटक बंद. बाहेर आणखी चारदोन बायका उभ्या होत्या, डबे घेऊन.

"आज भेट नाही," फाटकावरचा शिपाई म्हणाला. "सुट्टी आहे. तुम्हाला ठाऊक नाही का, आज काय आहे ते?"

"ठाऊक आहे. मला भेट नको. निरोप द्यायचाय. तो कंडक्टर आहे ना, भोंगा."

"पाहुणा होय." शिपायाचा आवाज जरा मऊ झाला. "तो केव्हाचा आंघोळ करून, बोचकं बांधून बसलाय. सगळ्यांशी निरोपाचं बोलून झालं. काय सांगू? थोडक्यात सांगा, माझ्या लक्षात राहत नाही."

मावशीने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. आता त्यांतलं एकही ओठांवर येईना. "सांगा, आज नाही."

"आज नाही, तर मग उद्या का, असं विचारेल तो."

मावशी गजांना धरून उभी राहिली. आत अंगणात कर्णा लावला होता आणि रेडिओवरून संविधानाचं वाचन चालू होतं. सगळ्या तुरुंगांत, शाळांत, डेपोंत ते ऐकवावं असा हुकूम होता. छापखान्याची प्रत अजून झाली नव्हती, म्हणून निवेदकाच्या हातात त्यांनी जुळवलेलीच प्रत होती. मावशीला पान संपल्याचं कळत होतं. प्रत्येक पानाशेवटी निवेदक थांबायचा, कागद उलटल्याचा आवाज यायचा, मग तो पुढे जायचा. झेंडा येऊन गेला. भाषा येऊन गेली, ती मावशी पहिल्यांदाच ऐकत होती.

"द्या ना निरोप," ती शिपायाला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा."

"फाटक सोडून कसा जाऊ? बदली येऊ दे."

निवेदकाने ते वाक्य वाचलं. सावकाश, अर्थ समजून वाचलं त्याने. कोणत्याही व्यक्तीस न्यायालयापुढे उभे केल्याशिवाय अटकेत ठेवता येणार नाही. आणि पान संपलं म्हणून तो थांबला.

भिंतीपलीकडून असा गलका उठला की बाहेरच्या बायका दचकल्या. थाळ्या वाजत होत्या. त्या सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज होता, तो मावशीने अर्ध्या गावातूनही ओळखला असता. तो थांब्यांची नावं घेत होता. डेपोपासून घरापर्यंतचे सगळे थांबे, एकामागून एक, आणि आत माणसं प्रत्येक नावाला ओरडून साथ देत होती.

कागद उलटल्याचा आवाज आला.

परंतु, असं निवेदक म्हणाला आणि वाचत राहिला. गलक्यात पहिले शब्द बुडाले. मग थाळ्या थांबल्या. थांब्यांची नावं घेणारा आवाज आणखी दोन नावं पुढे गेला, तिसऱ्या नावाच्या मध्यावर थांबला. निवेदकाचा आवाज तेवढा उरला, आणि तो आता पुढच्या कलमावर होता.

शिपायाने टोपी काढून डोकं खाजवलं. "ती बघा माझी बदली आली. जातो आत. काय सांगायचं होतं?"

"राहू द्या," मावशी म्हणाली.

मामाला तिथून बाहेर आणलं ते दोन हिवाळ्यांनंतर, आणि तेव्हा त्याला उचलून आणावं लागलं. छातीत बसलेली थंडी त्याला घेऊन गेली होती. खिडकीजवळची जागा शिक्षकाने परत देऊ केली होती, पण दिलेलं परत घेणाऱ्यातला तो नव्हता. मावशी निवृत्त होईपर्यंत त्याच कचेरीत टाइप करत राहिली, आणि हेडक्लार्कच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या चुका पूर्ण बंद झाल्या.

परंतुक अजून आहे. आता छापील प्रतीत ते कलमाच्या खालीच येतं, त्याच पानावर.